टोक कुणीकडे?

सुधन्वा बारटक्के माझ्या हातची नारळाची वडी खातो, पण आधी तिचे चारी कोपरे मोडतो. चौकोन याला बघवत नाही. का, तर कॉम्प्युटरला एखादं अक्षर ठाऊक नसलं की तिथे रिकामा चौकोन उमटतो. "काकू, चौकोन म्हणजे अक्षराचं थडगं हो!" असं तो भर लिफ्टमध्ये म्हणतो, आणि शेजारची चिनी बाई भाषा न कळताही भिंतीला चिकटते.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला मी मुलाकडे राहते. हा समोरच्या फ्लॅटमध्ये, एकटा. दिवसा नोकरी. उरल्या वेळात कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फात राहणाऱ्या मूळच्या लोकांची अक्षरं कॉम्प्युटरात घालायचा उद्योग. त्यांची लिपी मोठी गमतीची. त्रिकोणाचं टोक वर केलं की 'पि', डावीकडे वळवलं की 'प'. काना नाही, वेलांटी नाही, नुसतं तोंड फिरवायचं. माझ्या ताटलीतले समोसे त्यानं असे किती फिरवलेत! "अंकल, जस्ट ईट ला!" माझी नात ओरडते.

"पण काकू, टोक चुकलं तर?" हे त्याचं पालुपद. अक्षरांना नंबर देणारी एक समिती असते म्हणे. तिनं अक्षर एकदा घेतलं की परत काढत नाही. चूक गेली तर जन्मभर चूकच.

मी आधी हसायची. मग गणपतीत मंडळाच्या ग्रुपवर मी लिहायला गेले, 'आचाऱ्यांना पातेली घासायला सांगा', आणि गेलं 'आचार्यांना पातेली घासायला सांगा'. प्रवचनाला पुण्याहून आलेले आचार्य त्याच ग्रुपवर! बिचारे बाह्या सरसावून नळापाशी हजर. सगळे पोट धरून हसले, सुधन्वा पांढराफटक. "बघा काकू. एवढ्याशा 'र'नं माणूस बदलला!" तेव्हापासून ती भीती मलाही लागली. साधं 'बरं'सुद्धा तीनदा वाचून पाठवते.

तिकडे कॅनडात एक आजी आहेत. त्यांच्या नावातला एक उच्चार गावात आता चारदोन म्हाताऱ्याच करतात. त्याचं अक्षर कॉम्प्युटरात नाही. त्यांच्या नातीनं काही युक्ती करून नाव लिहिलंच, तर दुसऱ्याच्या फोनवर मधोमध चौकोन. ते अक्षर समितीकडे पाठवायचं सुधन्वानं अंगावर घेतलेलं. दर रविवारी संध्याकाळी तो आजींना व्हिडिओ कॉल करायचा. नात मध्ये बसून इंग्रजीत सांगायची. "टोक कुणीकडे?" आजी बोटानं दाखवायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "फोन आरशासारखं उलटं दाखवत असेल तर, काकू?"

मग आजींना दवाखान्यात ठेवलं. नातीनं कळवलं, अक्षर फोनवर यायला वर्षं लागली तर लागोत, पण ते समितीकडे गेलं एवढं तरी आजीच्या कानावर पडू दे. त्या रविवारी हा आमच्या सोफ्यावर, लॅपटॉप मांडीवर, कपाळाला घाम. फोनची वेळही टळून गेलेली.

"पाठव ना रे!"

"टोक..."

"डावीकडे! माझंसुद्धा पाठ झालंय. दर वेळी तेच दाखवतात त्या. भितोस कसला मेल्या?"

स्क्रीनकडे बघतच तो म्हणाला, "हे गेलं की विचारायचं काही उरत नाही. मग रविवारी फोन कुठल्या निमित्तानं करू, काकू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "पाठव." त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. तिकडून! आजवर तिकडून कधी फोन आला नव्हता, नेहमी हाच करायचा. साप निघाल्यासारखे आम्ही दोघं त्या फोनकडे बघत राहिलो.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "माझ्यानं नाही ऐकवणार."

देवाचं नाव घेऊन मी घेतला. उशीला टेकलेल्या आजीच, नाकात नळी. नात कुठे दिसेना. माझ्या मागे मान वळवून बसलेल्या सुधन्वाकडे बोट करून त्यांनी मला काहीतरी विचारलं. त्यांच्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण तो सूर चांगला ओळखीचा.

"नाही हो," मी म्हटलं, "अजून जेवला नाही. आता वाढतेच."