ड्रॅगनची जोडी

मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासतो. त्यामुळे नशिबावर माझा विश्वास नाही, शक्यतेवर आहे. त्याच विश्वासाने मी आमेरला सांगितले, "या वर्षी माझा खेळ बरोबर पाचला संपेल! ड्रॅगन मरण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के आहे. मी मोजली आहे."

आमेर नवीन जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात दरवर्षी खेळ-संमेलन भरवतो. माझ्या गणिताकडे त्याने साफ दुर्लक्ष केले.

"सर, दोन साल तुमचा खेळ अर्धाच राह्यला. आज बी न्हाई संपला, तर पुढच्या साली तुमच्या टेबलावर कॅरम!"

कॅरम! माझ्या टेबलावर!

माझा खेळ तोंडी असतो. सूत्रधार म्हणून मी प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले वीर काय करतात ते सांगतात आणि वीस बाजूंचा फासा निकाल देतो. त्या दिवशी तीन वीर होते: भोकरदनच्या बैलबाजारात उभी हयात दलाली केलेले काकासाहेब, बियाणे-विक्रेते रामप्रसाद आणि गणिताच्या शिक्षिका सालेहा. सालेहाबाईंवर माझी भिस्त होती. गणित जाणणारा माणूस भरकटत नाही, असा माझा समज होता.

"गुहेतून अजस्र ड्रॅगन बाहेर येतो!" मी गरजलो. "तुम्ही काय करता?"

"दात बघतो," काकासाहेब म्हणाले.

"काय?"

"जनावर हे ना? मंग आधी दात. किती हाईत?"

"आठ," मी घाईने म्हणालो. ही पहिली चूक.

"जुळलेला हे! समदे दात आलेला, ऐन उमेदीतला. खोड काय?"

"तो आग ओकतो, काकासाहेब!"

"ती काय खोड हे का?" रामप्रसाद खुर्चीच्या टोकाशी सरकले. "कपाशीच्या पऱ्हाट्या जाळायला बराबर!"

मी व्याकूळ होऊन सालेहाबाईंकडे पाहिले. त्यांनी वहीत काहीतरी मांडले होते. "सर, एकटा बिलकुल कामाचा न्हाई. औताला जोडी लागते. दुसरा कुठंय?"

"दुसरा ड्रॅगन नाही."

"शोधला का?"

न शोधता 'नाही' म्हणणे शास्त्रीय नव्हते. तरी त्यांना तो सापडण्याची शक्यता मी फक्त पाच टक्के ठेवली. वीस पडले तरच! सालेहाबाईंनी फासा टाकला.

वीस.

पुढचा दीड तास दोन ड्रॅगन उंचीला जुळतात का, शिंगांची ठेवण सारखी आहे का आणि डाव्या अंगाला कोणता जुंपायचा, यावर वाद झाला. कॅरमचे खेळाडू डाव टाकून आमच्याभोवती जमले. ते सल्लेही देऊ लागले! साडेतीनला मी समजावले, चारला विनवले, साडेचारला नुसता चहा प्यालो.

"सर, पाच मिनट!" आमेर ओरडला.

आता ड्रॅगननेच वीरांना संपवले, तरी खेळ संपणार होता. "ड्रॅगन चवताळून झेप घेतो!" मी फासा टाकला. नुसते दोन पडले, तरी तिघेही भस्म होणार होते.

एक पडला.

"गरीब जनावर हे, साहेब," काकासाहेब समजुतीने म्हणाले. "उगी भेडावू नका त्याला."

पाच वाजले. ड्रॅगन जिवंत होता. एक नव्हे, दोन. मी निमूटपणे कागद गोळा करू लागलो.

आमेर वही घेऊन आला. "टेबल कायम, सर! पुढच्या सालासाठी सोळा जणांनी नावं देल्ती, आता अजून येऊन राह्यलेत!"

"खरंच?" मी गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर मांडले.

"खरंच! फक्त सूत्रधार काकासाहेब पाहिजेत म्हणतेत. जनावराची जाण असलेला माणूस."

मी पेन मागून घेतले आणि खेळाडूंच्या यादीत नाव लिहिले. सतरावे. टेबलावर जागा तीनच आहेत. माझा नंबर लागण्याची शक्यता मी अद्याप मोजलेली नाही.