रिकामं हलवायचं नाही

कर्णिकभावोजी कुणाच्याही घरी गेले, की चहा येण्याआधी त्यांचं नाक त्या घरातल्या एखाद्या रिकाम्या डब्यात गेलेलं असायचं. माणसं दुसऱ्याच्या बिऱ्हाडात शिरली की देवाला हात जोडतात, पोराबाळांची विचारपूस करतात. हे आपले फळीवरचा डबा काढणार, झाकण उघडणार, डोळे मिटून हुंगणार आणि "हं" म्हणून खाली ठेवणार. "हं" आलं तर डबा वाचला. नाही आलं, तर खिशातून खिळा आणि छोटी हातोडी बाहेर.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ह्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून मी संसार केला. माझ्या नशिबाला दुसरं काय म्हणायचं? एका दिवाळीत लाडवांसाठी म्हणून बाजारातून चांगला मोठा पत्र्याचा डबा आणला, घासूनपुसून गॅलरीत उन्हाला ठेवला. दुपारी बघते तर बुडाला भोक!

"भावोजी, हे काय केलंत?"

"नियम आहे, वहिनी. ह्यात पूर्वी काय होतं, तुम्हांला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणूनच भोक."

बोला आता! भिंतीवर डोकं आपटायचं, तर ती भिंतही त्यांचीच.

नोकरीच तसली होती त्यांची. माझगावच्या बंदरातून परळ-लालबागच्या गिरण्यांकडे ॲसिडच्या बरण्या, स्पिरिटची पिंपं जायची, आणि रंगखात्याची घाण नि रिकामी पिंपं परत यायची. ती कुणी न्यायची, कशी न्यायची, हातगाडीपुढे लाल बावटा धरून कुणी चालायचं, हे बघायला सरकारनं इन्स्पेक्टर नेमले होते. त्यातले हे एक. बाकीचे खुर्चीत बसून सह्या करायचे. आमचे भावोजी बावटा घेऊन स्वतः गाडीपुढे चालायचे! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत असेच लालबागेतून चालले होते, तर बावटा बघून शेपन्नास माणसं मागे लागली आणि घोषणा द्यायला लागली. भावोजी वळून ओरडताहेत, "मागे व्हा! मागे ॲसिड आहे!" लोकांना वाटलं, पुढारी नवीन दिसतोय, घोषणाही नवीन आहे. शेवटी पोलिसांनी धरून नेलं. चौकीवर आमच्या ह्यांना जाऊन सोडवावं लागलं, आणि घरी येताना वाटेत भावोजींनी चौकीतल्या रॉकेलच्या डब्याबद्दल तक्रार सांगितली.

कुणाच्या लग्नात भटजींनी "सावधान" म्हटलं, की सगळ्या मांडवात खरोखर सावध होणारा हा एकच माणूस. मंडपातल्या बत्त्या बघायला उठायचे.

"भरलेल्याची सगळे काळजी घेतात हो, वहिनी," हे त्यांचं पालुपद. "त्याला चिठ्ठी असते, बावटा असतो. रिकाम्याकडे कोण बघतं? आत वाफ धरून बसलेलं असतं ते. कधी पेटेल सांगता येत नाही. म्हणून रिकामं हलवायचं नाही."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण एका बाबतीत मात्र मी त्यांना उलटून बोलत नसे.

त्यांच्या खाटेखाली, चादरीआड, तांब्यापितळेची भांडी होती. हंडा, कळशी, घंगाळ, परात, तपेल्या. प्रत्येकावर नाव घातलेलं, "चि. कुसुम हिस". कुसुम त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, म्हणून पोर निम्मी माझ्याच घरी वाढली. तिच्या लग्नासाठी भावोजी दर दसऱ्याला एकेक भांडं घेत गेले. पुढे कुसुम टेलिफोनच्या कचेरीत लागली आणि तिथल्याच एका गुजराती मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. मुलगा गुणाचा, पण वेळ बघा! चाळ "मुंबई आमची" म्हणून घसा फोडत होती, आणि कर्णिकांचा जावई भुलेश्वरचा! भावोजी "निदान विचारायचं तरी" एवढंच म्हणाले, आणि बोलणं बंद झालं. भुलेश्वर आमच्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. पण हे गेले नाहीत, ती आली नाही.

दर रविवारी भावोजी ती भांडी चिंच लावून लखलखीत करायचे आणि परत खाटेखाली सारायचे. न राहवून मी एकदा म्हटलं, "पोरीची आहेत ना? द्या पाठवून."

"रिकामी पाठवू, वहिनी? मुलीच्या घरी?"

"मग भरून पाठवा!"

"ते काम तिच्या आईचं होतं," म्हणाले, आणि घंगाळ घासायला लागले.

मग तो मोर्चाचा दिवस आला. परळहून माणसं चौपाटीकडे जाणार, आमच्या रस्त्यावरून. चाळीनं ठरवलं, मोर्चाला पाणी द्यायचं. आमचे सेक्रेटरी सामंत कुठल्याशा गिरणीच्या रंगखात्यातून दोन मोठी पिंपं फुकटात घेऊन आले. आम्ही बायकांनी ती राखेनं घासली, पहाटेपासून नळाशी रांग लावून बादल्या ओतल्या. माझी तर कंबर मोडली. पिंपं भरली, वाळ्याच्या जुड्या सोडल्या, कोपऱ्यावरून "झालाच पाहिजे!" ऐकू यायला लागलं, आणि कर्णिकभावोजी जिना उतरले.

नाक घातलं. "हं" आलं नाही.

मी "भावोजी, नको" म्हणेपर्यंत त्यांनी एक पिंप आडवं केलं. मग दुसरं. सगळं पाणी गटारात!

काय गिल्ला झाला म्हणून सांगू! मी तर हात उगारायचीच बाकी होते. त्या पिंपात खरंच काही होतं की नव्हतं, मला आजतागायत ठाऊक नाही. आम्हांला तरी कसला वास आला नव्हता. तेवढ्यात सामंत ओरडले, "जावई तिकडचा ना! महाराष्ट्राला पाणी पाजायला जिवावर येणारच!"

भावोजींचा चेहरा पांढरा पडला. ते जिना चढून गेले. मला राग त्यांचाही आला आणि सामंतांचाही. पण लेकीवरून बोलायला नको होतं.

थोड्या वेळानं जिन्यावर खणखणाट झाला. बघते तर भावोजी खांद्यावर हंडा आणि काखेत घंगाळ घेऊन उतरताहेत. परत वर गेले, कळशी आणली, तपेल्या आणल्या.

"घ्या. ह्यांत भरा. ह्यांचा वास मला माहीत आहे."

नळ केव्हाच गेला होता. आम्ही बायकांनी घरातल्या माठातलं पाणी आणून ओतलं. मोर्चा आला, माणसं ओंजळी धरून प्यायली. एक गिरणीकामगार कपाळाचा घाम पुसत हंड्यावरचं नाव वाचायला लागला.

"कुसुम कोण वो?"

"माझी मुलगी," भावोजी म्हणाले. किती दिवसांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला!

"तिला सांगा, पानी लय गोड व्हतं."

संध्याकाळी भांडी घासली आणि एकेकीनं एकेक परत करायला घेतलं. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे काय कुणी शिकवावं लागतं? कुणी मूठभर तांदूळ घातले, कुणी साखर. मी घंगाळात नारळ ठेवला. सामंतीणबाईंनी कळशीत गुळाचा खडा टाकला. हंडा तर खुद्द सामंतच उचलून आले आणि मान खाली घालून म्हणाले, "कर्णिक, तोंडातून गेलं हो माझ्या."

भावोजींनी सवयीप्रमाणे हंड्यात नाक घातलं. ते बराच वेळ बाहेर येईना.

"कसला वास येतोय, भावोजी?" मीच विचारलं.

"तांदळाचा," आतून आवाज आला. मग डोकं वर काढलं, डोळे पुसले, आणि सगळ्या भांड्यांतून बोट फिरवत एकेक बघितलं. "वहिनी, ही आता रिकामी नाहीत."

"नाहीत."

"मग हलवायला हरकत नाही."

मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हातगाडी आली. भांडी खाली पेंढा घालून, दोरीनं बांधून, नियमाप्रमाणे. कोट घातलेले भावोजी गाडीपुढे उभे, आणि हातात काय? लाल बावटा! मी गॅलरीतून कपाळावर हात मारला.

"अहो भावोजी, लेकीच्या घरी निघालात! तो बावटा तरी ठेवा घरी!"

त्यांनी वर बघितलं. "नियम आहे, वहिनी," म्हणाले, "भरलेला माल आहे."