आरपार खिंड

लीलाधरच्या पोटात दुखायला लागलं ते रुपचंदच्या शिशाच्या घोड्यांमुळे.

धुळ्याच्या त्या गल्लीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. लीलाधर कचेरीत कारकून, रुपचंद कापसाच्या जिनिंगमध्ये. दोघांना वेड मात्र एकच, जुन्या लढाया पुन्हा लढायचं. रविवारी मंडळी जमत, जमिनीवर रांगोळीनं नदी-नाले काढत, फौजा मांडत आणि कवड्या टाकून चढाई करत. निवाडा द्यायला पेन्शनीत निघालेले मास्तर, अभिमननाना, पाटावर बसत. ही बैठक पहिल्यापासून लीलाधरच्या माजघरात भरे. त्याची फौज मातीची. शिपाई तो स्वतः वळी, बायकोच्या, कमलबाईंच्या, चुलीत भाजी आणि कमलबाईंच्याच कुंकवानं त्यांची पागोटी रंगवी.

मग रुपचंदनं मुंबईहून शिशाची फौज आणली. मागोमाग तिकडे विलायतेत खरं युद्ध पेटलं आणि बाजारातलं शिसं गायब झालं. म्हणजे लीलाधरला बरोबरी करायचीही सोय उरली नाही. त्यावर कडी म्हणून रुपचंदनं घरात गुळगुळीत कोबा करून घेतला आणि बैठक तिकडे हलली. "कोब्यावर कसं गार वाटतं," असं नाना सगळ्यांदेखत म्हणाले. जेवताना लीलाधरला ते वाक्य आठवे आणि घास कडू लागे.

"गार वाटतं म्हणे! मांजर आहे का तो, गार बघून बसायला?"

"नाना बरोबर बोलले," कमलबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. माजघराच्या कोपऱ्यातच चूल होती आणि धुराला जायला वाट नव्हती. "आपल्याकडे बसून सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. दिवाळीपासून धुराडं करतो म्हणताय."

"करू की. आधी डोंगर."

पुढच्या रविवारी मराठे आणि निजाम यांची खर्ड्याची लढाई ठरली होती. खर्ड्याला घाट लागतो आणि रुपचंदच्या गुळगुळीत कोब्यावर घाट कुठून येणार? लीलाधरनं बेत केला, की माजघरात भिंतीलगत विटामातीचा पक्का डोंगर उभा करायचा. डोंगर बघितला की नाना कोबा विसरतील आणि बैठक परत येईल. शनिवारी सकाळी त्यानं झुलाल गवंड्याला बोलावलं.

"भिंतीलगत डोंगर रच. आणि मधोमध खिंड पाड."

"खिंड? आठे?" झुलालनं भिंतीकडे पाहिलं.

"इथंच. चांगली आरपार. इकडची फौज तिकडे उतरली पाहिजे."

"आरपार?"

"एकदा सांगितलं ना!" म्हणत लीलाधर टोपी घालून कचेरीत गेला.

दुपारी तो परतला तेव्हा गल्लीत गर्दी होती. डोंगराचा पत्ता नव्हता. भिंतीला मात्र बैल जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि पलीकडे रुपचंद धुळीत उकिडवा बसला होता. उद्यासाठी मांडून ठेवलेल्या त्याच्या फौजेवर विटांचा सडा पडला होता.

"अरे, हे काय केलंस?" लीलाधर किंचाळला.

"खिंड," झुलाल म्हणाला. "तुम्हीच सांगं ना भाऊ, आरपार."

"लीलाधर, माझा सेनापतीचा घोडा!" रुपचंदनं तीन पायांचा घोडा वर धरला. "कुठून आणू आता दुसरा? हा डाव आहे तुझा!"

लीलाधरनं शपथा घेतल्या, हात जोडले, चेहरा जमेल तितका पाडला. आत मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. भगदाड आत्ताच्या आत्ता बुजवा म्हणून रुपचंद हटून बसला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून नाना आले, वाकून या घरातून त्या घरात पाहिलं आणि टाळी वाजवली.

"अस्सल खिंड! उद्या निजाम लीलाधरकडून खाली उतरेल. लढाई होईपर्यंत कुणी वीट लावायची नाही."

लीलाधर रात्रभर खुशीत होता. रविवारी मंडळी आली, खिंडीची तारीफ केली आणि एकेक करून वाकत वाकत पलीकडे रुपचंदच्या कोब्यावर जाऊन बसली. अलीकडे निजामाची मातीची फौज आणि तिच्याजवळ एकटा लीलाधर. स्वतः पाडलेल्या वाटेनं लोक रुपचंदकडे गेले, हे त्याला मुळीच सोसवेना. तीन पायांच्या घोड्याचंसुद्धा तिकडे कौतुक चाललं होतं, जखमी झाला तरी उभा आहे म्हणून!

कमलबाईंनी शांतपणे चूल पेटवली. आज लाकडं जरा ओलीच होती. धूर उठला, घुटमळला आणि रुपचंदच्या समोरासमोरच्या खिडक्यांची ओढ लागून खिंडीतून सरळ पलीकडे शिरला.

"कोण खोकतंय?" नानांनी विचारलं आणि स्वतःच खोकू लागले. घटकेत मंडळी डोळे चोळत, एकमेकांना ढकलत खिंडीतून अलीकडे आली. पाठोपाठ घोडा पदरात, म्हणजे धोतराच्या सोग्यात घेऊन रुपचंदही आला.

"अरे वा! या घरात धूर नाहीच की," नाना पाटावर टेकत म्हणाले. "बैठक आता इथंच."

लीलाधरची छाती फुगली. "मी म्हटलंच होतं, खिंड मोक्याची जागा बघूनच—"

इतक्यात दारातून झुलालनं डोकं आत घातलं. लीलाधरकडे न बघता त्यानं हाक मारली.

"अक्का, दुसरी खिंड कोठे पाडानी शे?"



"दुसरी?" लीलाधरनं विचारलं.

"काल भाऊ कचेरीमा गयात, मी अक्काले इचारं. डोंगरमा की भितडामा? अक्का म्हने, भितडामा. चूलनासमोर." झुलालनं भगदाडाच्या भिंतीकडे बोट केलं.

कमलबाई पिठाचे हात झटकत होत्या. नाना पाटावरून उठले. "बाई, न लढता शत्रूला मैदानातून हाकललंत! पुढच्या रविवारी सेनापती तुम्ही."

रुपचंदनं सोग्यातून तीन पायांचा घोडा काढला आणि आदबीनं कमलबाईंच्या समोर ठेवला. सगळे हसले, टाळ्या पडल्या.

बैठक परत लीलाधरच्या घरी आली होती. तरी त्याच्या पोटात पुन्हा दुखू लागलं, आणि या वेळी तर भिंतीचाही आडोसा नव्हता.