पितं फार, पण देखणं आहे

“मीट डोळे! घट्ट मीट! आता सांग, येतंय का जातंय?”

वडिलांचा हा आवाज विमानबाईंच्या कानात अजून ताजा होता. गच्चीवर बापलेक पाठ टेकून पडलेले, वर निळंशार आभाळ, आणि त्या आभाळाच्या कुठल्याशा काठावरून एक बारीक गुणगुण येई, भुंग्यासारखी.

“जातंय.”

“इंजिनं किती?”

“दोन.”

“शाब्बास!”

त्या एका शाबासकीवर बाईंनी अख्खा जन्म काढला. बरोबरीच्या मैत्रिणी सिनेमातले नट ओळखत, ह्या आवाजावरून विमान ओळखत. पुढे त्या लढाऊ विमानांवर लिहायला लागल्या. संरक्षण विषयाला वाहिलेलं एक मासिक होतं, त्यात दर महिन्याला त्यांचा लेख येई. गल्लीने त्यांचं खरं नाव कधीच विसरून टाकलं होतं. पोस्टमनसुद्धा खालून ‘विमानबाई!’ अशी हाक घाली आणि बाई वरून ‘आले!’ म्हणत.

घर थोरल्या भावाचं. खाली दादाचं चष्म्याचं दुकान, वर चार खोल्या. त्यातली मागची बाईंची. अंक आला की दादा जेवताना न चुकता म्हणे, “बयो, वाचला गं तुझा लेख. काळजाला भिडला!”

हवेतल्या हवेत इंधन कसं भरतात ह्यावरचा लेख काळजाला कसा काय भिडतो, हे बाईंनी कधी विचारलं नाही. भिडला म्हणतोय ना, मग भिडू दे! वहिनीही मान डोलवत, “छानच लिहिता हो वन्सं.” आणि विषय मिठाच्या बरणीवर जाई. बाईंना फक्त एक वाटे. घरातल्या कुणीतरी कधीतरी एक प्रश्न विचारावा. एकच! पंख असे मागे का वळवलेत, एवढा जरी विचारला तरी चालेल. पण तो प्रश्न काही ह्या जिन्याने वर येत नव्हता.

ह्या महिन्याला मात्र बाईंचं नशीब उघडलं. मुखपृष्ठावरचा लेख त्यांना मिळाला! बाजारात आलेली दोन लढाऊ विमानं, दोहोंची तुलना, आणि बाहेरच्या देशांत कोणतं जास्त खपेल ह्याचा अंदाज.

“डोळे मिटून लिहीन!” बाईंनी संपादकांना फोनवर सांगितलं. “संध्याकाळी तुमच्या हातात!”

सांगून फोन ठेवला, तेव्हा त्यांना आठवलं की आपला उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. जुने अंक काढायला स्टुलावर चढल्या होत्या, अंक वरच राहिले, बाई खाली आल्या.

पण हरतील तर त्या विमानबाई कसल्या! हल्ली फोनला तोंडी सांगितलं की तो लिहून घेतो. बाईंनी खोलीत येरझाऱ्या घालत सांगायला सुरुवात केली. फोनचा कान मात्र दिव्य! ‘लढाऊ विमान’ म्हटलं की तो ‘रडाऊ विमान’ लिही. एका विमानाच्या परदेशी नावाचं तर त्याने सरळ खोकल्याचं औषध करून टाकलं. तीनदा सांगितलं, तीनदा खोकला! शेवटी बाईंनी कंटाळून तोड काढली. नावं नकोत, विमान हा शब्दही नको. नुसतं ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’. नावं मागाहून डाव्या हाताने घालू.

आणि बाई रंगात आल्या.

“पहिलं दिसायला राजबिंडं. अंगाने भरलेलं, उठून दिसणारं. पण पितं फार! एकदा वर गेलं की किती पिईल ह्याला धरबंद नाही. दुसरं चणीने लहान, आटोपशीर, थोडक्या जागेत मावणारं. तेही पितं, पण बेताने. पूर्णविराम.”

दाराबाहेर वहिनी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहा हिंदकळून बशीत आला.

“परदेशातून पहिल्याला मागणी आहे. दुसऱ्यालाही मागणी येईल. निर्णय मात्र रूपावर भाळून घेऊ नये. जन्मभर सांभाळायचं आहे. पूर्णविराम.”

वहिनींनी चहा तिथेच जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि तशाच खाली दुकानात उतरल्या. दादा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होता.

“अहो, जरा इकडे या! वन्संना मागण्या आल्यात!”

“कसल्या?”

“लग्नाच्या! दोन! परदेशातून!”

दादाच्या हातून चष्मा गिऱ्हाइकाच्या कानाऐवजी डोळ्यात गेला.

आता ह्यात वहिनींचा दोष तो काय? दगा दिला व्याकरणाने! विमान म्हणजे ते. लग्नाचं स्थळ म्हणजेही तेच. ते देखणं, ते आटोपशीर, ते महागात पडणारं. बाई पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या, बंद दाराआड ‘पहिलं बरं की दुसरं’ म्हणत येरझाऱ्या घालणाऱ्या. वर ‘मागणी’! माणसाने समजायचं तरी काय?

“पितात म्हणे,” वहिनी कुजबुजल्या.

“कोण?”

“दोन्ही! एक जास्त, एक बेताने.”

दादा मटकन स्टुलावर बसला. “हिला इथं काय कमी केलं गं आपण?”

दुपारी जेवायला बसल्यावर बाईंना घर काही वेगळंच वाटलं. दादाने आपल्या ताटाजवळचा पंखा उचलून त्यांच्याकडे फिरवला. वहिनींनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. मग दादाने घसा साफ केला.

“बयो, तुझी खोली रंगवून घ्यायची का? आणि ती खिडकी लागत नाही, ती उद्याच नीट करून टाकू.”

“आज काय झालंय तुला?”

“काही नाही. आपलं… पहिलं की दुसरं? काही ठरलं का?”

बाईंचा घास हातातच राहिला. कानांवर विश्वास बसेना. विचारलं! घरातल्या माणसाने, जेवताना, आपण होऊन प्रश्न विचारला! त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी दाराशी होते हो,” वहिनी ओशाळून म्हणाल्या.

“अहो मग आत नाही का यायचं! बरं झालं विचारलंत. मलाच कुणाशी तरी बोलायचं होतं.” बाई पाट सरकवून पुढे आल्या. “ऐका. पहिलं दिसतं तरुण, पण वय झालंय. आतलं सगळं काढून नवीन घातलंय, म्हणून चालतं.”

“आतलं म्हणजे?” दादाने विचारलं.

“सगळंच! आणि हे आधी चार ठिकाणी दिलेलं आहे बरं का. त्यातल्या दोघांनी परत केलं.”

“पितं म्हणून?” वहिनी न राहवून म्हणाल्या.

“हो! अगदी तेच!” बाई आनंदाने जवळजवळ ओरडल्याच. “वहिनी, तुम्ही तर अचूक नेम धरलात! लोक वरचं रूप बघून नेतात आणि मग खर्च झेपत नाही.”

वहिनींनी पदराने घाम पुसला.

“आणि दुसरं?” दादाचा आवाज खोल गेला होता.

“दुसरं मला मनापासून आवडतं. चपळ, कष्टाळू, कुरकुर नाही. पण एक भानगड आहे. त्याचं काळीज दुसऱ्याच घरचं आहे.”

बाईंना इंजिनाला काळीज म्हणायची सवय. लेखांतही त्या तसंच लिहीत. ज्या देशाचं हे विमान, तो ते स्वतः बांधतो, इंजिन मात्र दुसऱ्या देशाकडून आणतो, आणि त्या दुसऱ्याने परवानगी दिल्याशिवाय विमान कुणाला विकता येत नाही. निर्यातीची सगळी मेख तिथेच होती.

“मग ते कसं चालेल गं?” दादा कळवळून म्हणाला.

“त्या दुसऱ्या घराने लेखी परवानगी दिली की चालतं की! हल्ली सगळीकडे असंच चालतं.”

“सगळीकडे?” वहिनींनी दादाकडे असं पाहिलं की तो बिचारा पाणी पितापिता थांबला.

“संध्याकाळपर्यंत सांगायचंय. संपादक वाट बघताहेत. तेच सगळं जुळवताहेत ना!” बाई हात धुऊन उठल्या. इतकं तृप्त त्या कित्येक वर्षांत जेवल्या नव्हत्या. लेख त्यांनी संपादकांना धाडला, फक्त शेवटचा निष्कर्ष आणि मथळा फोनवर सांगते म्हणाल्या, आणि प्लास्टर कापून घ्यायला दवाखान्यात गेल्या. फोन संपत आला होता, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून गेल्या.

त्या गल्लीच्या टोकापलीकडे जातात न जातात तोच फोन वाजला. दादाने उचलला.

“नमस्कार! बाई आहेत का? मी संपादक बोलतोय.”

“म्हणजे जुळवणारे ते तुम्हीच?”

“हो, मीच जुळवतोय. सगळं तयार आहे, तुमच्याकडून होकार आला की झालं. बाईंचं काय ठरलं? पहिलं की दुसरं?”

दादाचा पारा चढला. चष्म्याच्या दुकानात जन्मभर ‘आता कसं दिसतंय?’ असं मऊ आवाजात विचारणारा माणूस! तो असा गरजला की खालचं गिऱ्हाईक आरशासमोरून मागे सरकलं.

“दोन्ही नकोत! ऐकलंत? दोन्ही नकोत! आमच्याकडे काय कमी आहे? आहे ते नीट सांभाळू!”

पलीकडून संपादकांचा आवाज थरथरत आला, “वा! हे छापू?”

“छापा! होर्डिंगवर लावा! मला कुणाची भीती नाही!”

बाई मोकळा हात हलवत घरी आल्या तेव्हा दादा छाती पुढे काढून बसला होता. “बयो, मी सांगून टाकलं त्यांना.”

“कुणाला?”

“जुळवणाऱ्यांना. दोन्ही नकोत म्हणालो.”

“काय?”

“दोन्ही पिणारी! एकाचं आतलं सगळं बदललेलं, दुसऱ्याचं काळीज भलतीकडे! तुझ्यासारख्या बाईने ह्या वयात असली स्थळं…”

“स्थळं?” बाईंचा आवाज गच्चीपर्यंत गेला. “अरे विमानं ती! विमानं!”

“मग पितं काय ते?”

“इंधन!”

“आणि काळीज?” वहिनींनी हळूच विचारलं.

“इंजिन! इंजिन, इंजिन, इंजिन!”

बाईंनी फोन उचलून संपादकांना लावला. संपादक आनंदात होते. अंक छापायला गेला होता. मुखपृष्ठावर दोन्ही विमानं आमनेसामने, आणि मधोमध भलीमोठी अक्षरं: ‘दोन्ही नकोत! आहे ते नीट सांभाळू!’

“बाई, काय तडफ! आणि तुमच्या बंधूंचा आवाज काय हो, तोफ!”

बाई धप्पकन खाली बसल्या. त्यांचा निष्कर्ष किती नाजूक होता! ज्यांची ऐपत मोठी त्यांनी पहिलं घ्यावं, बाकीच्यांनी दुसरं, पण आधी इंजिनाची परवानगी तपासावी. एवढं तोलूनमापून ठरवलेलं, आणि वर हा चष्मेवाल्याचा हुंकार!

मग बाईंच्या डोक्यात भलतंच चमकलं. त्या दादाकडे वळल्या.

“थांब. मी दर लेखात इंजिनाला काळीज म्हणते. तू दर महिन्याला वाचतोस ना?”

“वाचतो की.”

“मग काळीज म्हटल्यावर तुला कळलं कसं नाही?”

“ते… त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता.”

“चष्म्याच्या दुकानात?”

दादाला तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं आणि तो जिना उतरून गेला.

अंक निघाला आणि बाईंची दैना झाली. म्हणजे नाव झालं! निवृत्त अधिकाऱ्यांचे फोन आले, “इतकं परखड आजवर कुणी लिहिलं नव्हतं!” कुणी म्हणे, हाच खरा स्वाभिमान. एकाने तर मथळा फ्रेम करून भिंतीवर लावला. आत पानोपानी बाईंनी दोन्ही विमानांचे गुणदोष मांडले होते, पल्ला, वजन, देखभाल, कोणत्या देशाची गरज काय, सगळं. त्यातल्या एका ओळीविषयी कुणी बोलेल तर शपथ! जो तो मथळाच म्हणून दाखवी. बाई प्रत्येकाला ‘धन्यवाद’ म्हणत आणि फोन ठेवून उशी बडवत.

दादा मात्र त्यांच्या वाटेला येईना. जेवायला उशिरा येई, उठायला लवकर. बाई येता-जाता विचारत, “वाचलास?” आणि तो लगेच पाऊस, बिल, नाहीतर कुणाचातरी मोतीबिंदू काढी.

शेवटी एका संध्याकाळी बाईच दुकानात उतरल्या. गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवरच्या काचांतून शंभर रिकामे चष्मे दोघा भावंडांकडे टक लावून बघत होते. बाईंनी अंक काउंटरवर ठेवला.

“दादा, रागावणार नाही. खरं सांग.”

दादाने एक चष्मा पुसायला घेतला. पुसून झालेलाच होता, तो पुन्हा पुसला.

“तू जाणार असं वाटलं ना, तेव्हा तुझी खोली रिकामी दिसायला लागली,” तो खाली बघत म्हणाला. “‘जाऊ नको’ हे काही तोंडातून निघेना. म्हणून त्या माणसावर ओरडलो.”

जन्मभराची चीड त्या एका वाक्यात विरघळेल की काय, अशी भीती बाईंना वाटली. म्हणून त्यांनी घाईने अंक त्याच्यापुढे सरकवला.

“ते कळलं रे. पण मी लेखांचं विचारतेय.”

दादाने चष्मा खाली ठेवला. डोळ्यांवरचाही काढला.

“एकही नाही, बयो,” तो म्हणाला. “आजवर एकही वाचलेला नाही. वर तुझं नाव छापलेलं असायचं ना, तेवढं बघायचो. तिथंच इतकं बरं वाटायचं की पुढं वाचायची गरजच पडली नाही.”