वीराच्या खेळाचं चूलबंद आमंत्रण

रियाने गॅलरीत वर्तमानपत्रावर तांदूळ वाळत घातले होते. अर्धे हळदीत घोळवलेले, अर्धे बिटाच्या रसात. पालकाच्या पाण्यातले हिरवेही करून पाहिले होते, पण त्यांना असा काही वास सुटला की ते तिने गुपचूप कुंडीत पुरले.

हा सगळा खटाटोप नऊ महिन्यांच्या वीरासाठी होता. मोबाइलवरच्या एका बाईने रियाला पटवून दिलं होतं की बाळाने रोज वेगवेगळ्या वस्तूंना हात लावला नाही, तर त्याच्या मेंदूतल्या तारा जुळायच्या राहून जातात. त्या बाईच्या घरी पांढरा गालिचा होता आणि तिचं बाळ कधीच रडत नव्हतं. रियाने तरीही तिच्यावर विश्वास ठेवला.

खरं सांगायचं तर तारा वीराच्या जुळायच्या नव्हत्याच, रियाच्या जुळायच्या होत्या. रोडपालीच्या या इमारतीत येऊन तिला वर्ष झालं होतं. आधी नोकरी, मग बाळंतपण, आणि आता दिवसभर वीरा. नवरा परेश बंदरावर कामाला, त्याच्या पाळ्यांचा पत्ता नाही. लिफ्टमध्ये कडेवर बाळ घेतलेल्या बायका दिसायच्या. त्या हसायच्या, ही हसायची, तेवढ्यात मजला यायचा. बोलायला एक मैत्रीण हवी, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण ते काय दार वाजवून मागता येतं?

म्हणून तिने हा बेत आखला. रविवारी सकाळी इमारतीतल्या बाळांना आपल्या घरी खेळायला बोलवायचं. म्हणजे त्यांच्या आया आपोआप येतील. आमंत्रण म्हणून प्रत्येक बाळाला रंगीत तांदळाची एक चिमुकली पुडी द्यायची. रिबीन घरात नव्हती, तेव्हा तिने देवघरातला लाल दोरा घेतला आणि पुड्या बांधल्या.

आता दारोदार जायचं कोणी? रिया लाजरी. तिच्या सासूबाई दमयंती मात्र उरणजवळच्या करंजाच्या. आयुष्यभर मासळीबाजारात बसलेल्या. त्यांचा इमारतीतल्या प्रत्येक घरात चहा पिऊन झाला होता.

"आई, एवढ्या पुड्या द्याल का?" रिया म्हणाली. "सांगा, रविवारी सकाळी नक्की या म्हणावं. वीरासाठी."

दमयंतीबाईंनी पुडीकडे पाहिलं. पिवळे-तांबडे तांदूळ, वर लाल दोरा. त्यांचे डोळे भरून आले. वीराचं जावळ काढायचं म्हणून त्या कधीपासून मागे लागल्या होत्या. परेश म्हणायचा, "बघू गं, सुट्टी मिळू दे." रिया म्हणायची, "बघू." आणि आज सून स्वतःच्या हाताने अक्षत तयार करून समोर उभी होती.

'सून आपनहून बोलली, आता उकरून इचारायचं नाय,' असं मनाशी ठरवून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "कोनाकोनाला देऊ?"

"बाळं आहेत ना, त्या घरी."

दमयंतीबाई पायऱ्या उतरता उतरता थबकल्या. बाळं असलेल्या घरीच अक्षत? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? त्या परत आल्या, रियाचं लक्ष नाही असं बघून डब्यातले मूठभर तांदूळ घेतले, हळद-कुंकू लावलं आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात चिमूटभर अक्षत हातावर ठेवून त्या सांगत होत्या, "आमच्या नातीचं जावळ हाय. आयतवारी सकालचं या. आनि बघा, चूलबंद हाय हां!"

चूलबंद म्हणजे काय, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. अख्ख्या घराला जेवायला बोलावलंय, त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये. पण रिया वाढली ठाण्यात, आणि तीही कॅटरर आणि बुफेच्या काळात. तिने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या शहाबानो तिला लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांच्या सुनेला, महेकला, वीराच्याच वयाची मुलगी होती, हादिया. आपली पुडी पोचली म्हणून रियाला आनंद झाला.

"बेटा, तुझी सास म्हणाली, चूलबंद हाय," शहाबानो म्हणाल्या. "खरंच का?"

रियाने क्षणभर विचार केला. लहान मुलं रांगत येणार, गॅसची काळजी वाटणारच. किती समजूतदार आहेत सासूबाई!

"हो हो, अगदी बंद!" ती म्हणाली. "मी तर सिलिंडरच खालून बंद करणार आहे. उगाच धोका कशाला?"

"माशाअल्लाह! म्हंजे समदं बाहेरून मागवलंय?"

"छे छे, सगळं मी घरीच करतेय. हाताने. आठवडाभर तेच चाललंय."

शहाबानोंनी या हडकुळ्या पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकटीने? इतक्या जणांचं पुरेल?"

"थोडंथोडंच तर लागतं हो. एकेकाला मूठभर पुढ्यात टाकलं की तासभर गप्प बसतात. आणि सांडलं तर सांडू दे, मी खाली चादर घालणार आहे."

लिफ्ट थांबली. शहाबानो बोटांवर माणसं मोजत उतरल्या.

रविवार उजाडला. परेश नेहमीप्रमाणे पाळीवर गेला होता. रियाने हॉलमधलं टीपॉय हलवून चादर अंथरली आणि चार परातींत आपली कलाकुसर मांडली. बाळं जे हातात घेतात ते तोंडात घालतात, म्हणून सगळं खाण्याजोगंच होतं. एका परातीत रंगीत तांदूळ. दुसरीत कोरड्या भाजलेल्या रव्याची वाळू. तिसरीत चॉकलेटी बिस्किटं कुटून दुधात कालवलेला चिखल. आणि चौथीत तिचा खास अभिमान: गोकर्णाच्या फुलांनी निळाशार केलेला चायना ग्रासचा समुद्र, आणि त्यात उकडलेल्या गाजराचे कातरलेले मासे.

मग ती दाराकडे बघत बसली. कोणी येईल का? नाहीच आलं तर? सासूबाईंसमोर तोंड कसं दाखवायचं?

बेल वाजली. दारात दमयंतीबाईंचे भाऊ हसूराम उभे होते. डोक्यावर टोपी, हातात बर्फ घातलेली कोळंबीची पेटी आणि मागे त्यांची पाच माणसं.

"कुटं हाय आमची वाघीन?" मामांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत शिरले. त्यांच्या मागोमाग तिचे सासरे काळूराम आले. त्यांच्याबरोबर काळी पेटी घेतलेला एक गृहस्थ होता. रियाला वाटलं, इलेक्ट्रिशियन असेल. मग रियाचा सख्खा भाऊ आला, नवा कुर्ता घालून, हातात चांदीची वाटी.

"दादा? तू कसा?"

"तुझ्या सासूबाईंचा फोन आला. मामाच्या मांडीवरच बसवतात ना जावळाला? पण तू स्वतः कळवायला हवं होतंस हं रिया."

रिया काही बोलणार, तोच इमारत आली. तळमजला आला, पहिला आला, दुसरा आला. काठापदराच्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, दारात चपलांचा ढीग. बाळं असलेल्या आया आल्या, पण त्यांच्यापुढे त्यांच्या सासवा होत्या आणि त्यांच्यापुढे त्यांचे सासरे. सगळ्यांनी चूलबंद पाळलं होतं. सकाळपासून कोणाच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

वीराला काही कळायच्या आत तिचा मामा मांडी घालून बसला, इलेक्ट्रिशियनने पेटी उघडून कैची-वस्तरा काढला आणि कुरळ्या बटा ताम्हणात पडू लागल्या. बायकांनी ओवाळलं. वीरा रडली नाही. समोरची गर्दी बघून ती थक्क झाली होती. तिची आईही.

इकडे भुकेल्या पाहुण्यांना पराती दिसल्या.

"नाश्ता असा खालीच मांडलाय वाटतं," कोणीतरी म्हणालं. "नवीन पद्धत असेल."

हसूराममामांनी रव्याची वाळू बशीत घेतली आणि बकाणा भरला. "शिऱ्यात साकर इसरली पोर," त्यांनी टोपी मागे सरकवली, "पन भाजलाय बेस." बिस्किटांच्या चिखलाभोवती पहिल्या मजल्याने कडं केलं. तो बोटांनी निपटून खाल्ला गेला. मग मामा समुद्राकडे वळले. गाजराचा एक मासा उचलून त्यांनी उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी निरखला आणि तोंडात टाकला.

"कसा हाय?" मामींनी विचारलं.

"काटा नाय," मामा गंभीरपणे म्हणाले. "पन याला मासा म्हनवत नाय."

पराती चाटूनपुसून साफ झाल्या. फक्त तांदूळ उरले, तेही पाहुण्यांनी मुठी भरभरून वीराच्या डोक्यावर टाकून संपवले.

तेवढ्यात दमयंतीबाईंनी रियाला स्वयंपाकघरात गाठलं. "जेवन कवा येल गं? मानसं वाट बघतान."

"कसलं जेवण?"

"कसलं म्हंजे? चूलबंद सांगलंय ना समद्यांना!"

आणि मग रियाला एकदम सगळं समजलं. पुड्या, लाल दोरा, शहाबानोंचं ते बघणं. तिने हळूच विचारलं, "आई, चूलबंद म्हणजे सगळ्यांना जेवायला?"

दमयंतीबाई स्टुलावर बसल्या. बाजारात उभा माणूस विकतील अशा बाईचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे... तू ती अक्षत नव्हती दिली? पोरांच्या खेलाचं तांदूल व्हतं ते?"

त्यांचा चेहरा इतका उतरला की रियाला बघवेना. सकाळपासून ही बाई हवेत चालत होती. कोणी आलं की त्यांना अभिमानाने सांगत होती, सगळं सुनेने केलंय. रियाला त्या क्षणी सासूबाईंची फार माया आली.

"अक्षतच होती, आई," ती म्हणाली. "जेवणाचं तेवढं माझ्याकडून राहिलं."

दमयंतीबाईंनी सुनेकडे बघितलं. मासळीत फसवणूक ओळखणारी नजर ती. पण या वेळी त्यांनी फसवून घेतलं. पदराने डोळे पुसले आणि दारात जाऊन बाजारातला आवाज काढला, "बायांनो, चला गं! कोलंबी हाय, हात कमी पडतान!"

शहाबानो आधीच उठल्या होत्या. "मला शक होताच," त्या म्हणाल्या. "मूठभर पुढ्यात टाकणार म्हणाली होती. मी पिठी भिजवून ठेवलीय. तांदळाच्या रोट्या माझ्याकडे." तिसऱ्या मजल्याने भात घेतला, दुसऱ्याने सोलकढी. ज्यांना कोळंबी चालत नव्हती त्यांनी वालाची उसळ टाकली. चूलबंदच्या आमंत्रणाला इमारतीतली एकही चूल बंद राहिली नाही.

"तुमी पोरीबाली पोरं सांभाला," जाताना सासवांनी हुकूम सोडला.

हॉल रिकामा झाला. उरल्या फक्त आया आणि बाळं. महेक हादियाला घेऊन, दुसऱ्या मजल्यावरची चारुता जुळ्यांना घेऊन, आणखी दोघी भिंतीला टेकून. रियाने ठरवलं होतं अगदी तसंच. फक्त पराती रिकाम्या होत्या. सगळ्यांनी लिफ्टमधलं हसून घेतलं. मग एकेकीने मोबाइल काढला.

संपलं, रियाला वाटलं. आता जेवण येईल, सगळे जेवतील आणि आपापल्या मजल्यावर जातील.

"इतकं शांत कसं झालं?" चारुता अचानक म्हणाली.

सगळ्यांनी माना वर केल्या. चादरीवर एकही बाळ नव्हतं.

पाचही जणी दाराकडे धावल्या. बाळं दारातल्या चपलांच्या ढिगात बसली होती. अख्ख्या इमारतीच्या चपला! जुळ्यांना काळूरामांच्या सँडलचा चिकटपट्टा सापडला होता. एक उघडायचा, चर्रर; दुसरा दाबायचा. हादिया हसूराममामांच्या रबरी बुटात हात कोपरापर्यंत घालून आत काहीतरी शोधत होती. आणि टक्कल केलेली वीरा डोळे मिटून एका चपलेचा पट्टा चघळत होती. कोणी रडत नव्हतं. पांढऱ्या गालिच्यावरचं ते बाळसुद्धा इतकं सुखी कधी दिसलं नव्हतं.

"अगं बाई, तोंडात!" रिया किंचाळली. नऊ महिने तिने प्रत्येक चमचा उकळला होता.

"कोणाची आहे ती?" चारुताने विचारलं.

"सासूबाईंची."

"मग राहू दे. घरातलीच इम्युनिटी आहे."

पहिली महेक हसली. मग चारुता, मग सगळ्याच. हसता हसता रिया तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तिच्या शेजारी बाकीच्या बसल्या. बाळांची तोंडं पुसत, हातातली एक चप्पल काढून दुसरी देत गप्पा सुरू झाल्या. कोणाचं रात्री झोपत नाही, कोणाचं फक्त आजोबांकडे झोपतं, कोणाला नोकरीवर जायचंय आणि मन होत नाही. महेकनेही मोबाइलवरची तीच बाई बघून साबुदाण्याचे पिवळे-निळे मणी केले होते, ते नवऱ्याने खिचडी समजून खाल्ले. खालून कोळंबीचा वास येऊ लागला तरी कोणी उठेना. रियाला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"नेक्स्ट संडे आमच्याकडे हां," हादियाच्या हातातून बूट सोडवत महेक म्हणाली. "पण प्लीज, सासू-सासरे, मामा-मामी, सगळ्यांना घेऊन या. आपल्या चार जोड चपलांमध्ये यांचं काय भागणार?"