गाठीची व्याख्या

एका जंगलात एक विहीर होती आणि विहिरीशेजारी एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कुठून आलं म्हणून तोंड वासू नका, बाळांनो. जिथे माकडं आहेत तिथे विद्यापीठ निघायचंच.

विहिरीवर एक बाभूळ वाकली होती. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव बायकी असलं तरी या जातीत घरटं विणायचं काम बाप्याचं. आणि त्यांची एक रीत होती. नवरदेवाने आधी अर्धंच घरटं विणायचं. मग नवरी ते बघायला येणार. त्याला लोंबकळणार, हिसके देणार, चोच खुपसणार. पसंत पडलं तर उरलेलं अर्धं पुरं करायचं, की लग्न. कांदेपोहे वगैरे भानगड नाही.

या वस्तीत मुरलीधर नावाचा एक तरुण पक्षी होता. घरटेशास्त्रात एम.ए., तेही पहिल्या वर्गात! घरट्याचा इतिहास त्याला पाठ होता. घरट्याचं समाजशास्त्र तोंडपाठ होतं. गवत मात्र त्याने फक्त पुस्तकात पाहिलं होतं, आकृती क्रमांक बारामध्ये.

नोकरी मिळेना. घरटे खात्यात एक जागा निघाली, तर चार हजार अर्ज आले. त्यातले दोन हत्तींचे होते. हत्ती झाले म्हणून काय झालं, तेही पदवीधरच. बिचाऱ्यांनी जायचं कुठे?

मग मुरलीधर दिवसभर फांदीवर बसे आणि पदवीच्या कागदाने वारा घेई.

शेवटी त्याची आई वैतागली. "मुरल्या, पलीकडच्या शिंदीवरची शेवंता पंधरा दिवसांनी घरटं बघायला येतेय. तिला काय दाखवणार आहेस? गुणपत्रिका?"

शेवंताचं नाव निघालं आणि मुरलीधर वारा घ्यायचा थांबला. ती त्याला फार आवडायची. मागच्या वर्षी विहिरीवर पाणी पिताना तिने एकदा त्याच्याकडे बघितलं होतं. तेवढ्यावर त्याचं अख्खं वर्ष निघालं होतं.

तो उठला. वाळक्या काड्या गोळा करून विणायला बसला. पहिल्या दिवशी काड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी गाठ सुटली. तिसऱ्या दिवशी सगळा पसारा खाली विहिरीत, बेडकाच्या टाळक्यावर पडला.

"कोण रे तो एम.ए.?" बेडूक खालून ओरडला.

मुरलीधरला रडूच आलं. लाज गुंडाळून ठेवून तो बाभळीच्या शेंड्यावरच्या भिवाकाकांकडे गेला. काका अंगठाबहाद्दर. पक्ष्याला अंगठा कुठला, असं विचारू नका, गोष्ट ऐका. तर काका निरक्षर होते, पण त्यांचं घरटं वादळात नुसतं झुलायचं. पडायचं म्हणून नाव नाही.

"काका, मला शिकवा."

"मी कसला शिकवतोय बाबा! मी विणतो. तू बस बाजूला."

झालं, एवढंच शिक्षण. काका विणत आणि मुरलीधर बघत बसे.

"वाळकं कशाला आणलंस? हिरवं गवत आण," काका म्हणत. "ओलं असताना विणायचं. वाळलं की आपोआप आवळतं."

गाठ चुकली तर काका ती सोडून टाकत. मुरलीधर पुन्हा बांधे. चोच सोलवटली, मान अवघडली. पण आठव्या दिवशी गाठ बसली, आणि बाराव्या दिवशी अर्धं घरटं विहिरीवर झोके घ्यायला लागलं.

शेवंता आली. लोंबकळली. हिसके दिले. चोच खुपसली. मुरलीधर डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

"बरं जमलंय," ती म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेला येते. तोवर अंड्यांचा कप्पा आणि खालची नळी पुरी करा."

मुरलीधरने आनंदाने विहिरीला तीन चकरा मारल्या.

ही बातमी जंगलभर झाली. बेकार पदवीधर हळूहळू आपापल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायला लागले. एक मुंगूस सर्पविद्येत डॉक्टर होता, पण साप दिसला की त्याला भोवळ यायची. तोसुद्धा आजीच्या मागे मागे बिळात जायला लागला.

सिंहमहाराजांनी कुलगुरू बगळेसरांना बोलावलं. "काय हो, तुम्ही सात वर्षांत शिकवलं नाही ते एक अडाणी म्हातारा बारा दिवसांत शिकवतो? हा काय प्रकार आहे?"

बगळेसर एका पायावर उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. "महाराज, याला अनौपचारिक शिक्षण म्हणतात. फार गुणकारी असतं. त्याचं रीतसर खातं काढू या."

आठवड्यात खातं निघालं. अनौपचारिक शिक्षक व्हायला औपचारिक एम.ए. हवं, असा नियम झाला. शिवाय प्रमाणपत्र नसेल त्याने विणायचं नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही, असंही ठरलं.

मुलाखतीला भिवाकाकाही गेले. भोळे ते.

"शिक्षण?" बगळेसरांनी विचारलं.

"घरटी विणतो."

"ते काम झालं हो. शिक्षण?"

काकांचं नाव विद्यार्थ्यांच्या यादीत गेलं.

मुरलीधरची मात्र नेमणूक झाली. मुंगसाची झाली, दोन्ही हत्तींची झाली. चार हजारच्या चार हजार बेकार पदवीधर एका फटक्यात अनौपचारिक शिक्षक झाले. बेकारी हटली! महाराजांनी जंगलात साखर वाटली.

मुरलीधर खूश होता. सकाळी हजेरी, दुपारी बैठक, संध्याकाळी अहवाल. घरट्याकडे बघायला सवड कुणाला? विद्यार्थीही फार नव्हते. जंगलात प्रत्येक जण शिकवणारा झाल्यावर शिकायला उरणार कोण? घरटे विभागात तर एकच होते, भिवाकाका. पहिल्या बाकावर पंख आवरून बसायचे.

परीक्षा झाली. प्रश्न होता, 'गाठीची व्याख्या लिहा.'

काकांना लिहिता कुठे येत होतं? त्यांनी उत्तरपत्रिकेच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि त्यांची गाठ मारून ठेवली. मुरलीधरने ती ओढून पाहिली. सुटली नाही. आणखी जोरात ओढली. छे! पैकीच्या पैकी गुण द्यायला त्याने लेखणी उचलली. पण मागे बगळेसर एका पायावर उभे होते.

"व्याख्या दिसत नाही," बगळेसर म्हणाले.

मुरलीधरने शून्य दिलं आणि खाली सही केली.

पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर आलं. घरटं अजून अर्धंच होतं. नळी कशी विणतात ते तर तो शिकलाच नव्हता. तो धापा टाकत शेंड्यावर गेला.

"काका, नळी दाखवा ना. शेवंता यायचीय!"

"नको, सर. नापास झालेल्याने दाखवलं तर गुन्हा होतो."

"सर काय म्हणता काका? मी मुरल्या!"

"उत्तरपत्रिकेवर सही तुमचीच आहे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच मुरलीधरला जास्त लागलं.

पौर्णिमेला शेवंता आली. नळीच्या जागी मुरलीधरने नेमणुकीचा हुकूम टांगला होता. शेवंताने आत डोकावून पाहिलं. अंड्यांच्या कप्प्याच्या जागी खाली विहीर दिसली. विहिरीतून बेडूक वर बघत होता.

"नोकरी कायमची आहे हो," मुरलीधरची आई घाईघाईने म्हणाली.

"असेल आत्याबाई. पण अंडी काय हुकमात घालू?"

ती उडाली ती थेट ओढ्यापलीकडे, जिथे खात्याचे नियम अजून पोचले नव्हते. मुरलीधर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग साडेदहा वाजले. तो वर्गात गेला आणि डोळे पुसून हजेरी घ्यायला लागला.

"भिवाकाका?"

"हजर, सर."

तात्पर्य : अनौपचारिक शिक्षणाने पदवीधरांची बेकारी शंभर टक्के हटते. फक्त ते घ्यायचं नसतं, द्यायचं असतं.