कुमुदिनी सापडत नाही

सुनेत्राला नोएडातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून पाच महिने झाले होते. नोकरी पक्की व्हायला एक महिना उरला होता आणि त्या सोमवारी तिच्याकडे कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, साफसफाई आली. डिव्हाइस चालवणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममधल्या, म्हणजे ड्रायव्हरमधल्या, आकडा साठवणाऱ्या व्हेरिएबलबद्दल तपासणीचा प्रोग्रॅम सारखी कुरकुर करत होता: हे ड्रायव्हरचं खाजगी व्हेरिएबल, मग अख्ख्या कर्नलला दिसतंय कशाला?

उपाय एका शब्दाचा होता. आधी 'स्टॅटिक' लिहिलं की व्हेरिएबल आपल्या फाइलपुरतं राहतं. या व्हेरिएबलचं नाव होतं कुमुदिनी. सुनेत्राने शब्द जोडला, तेवढीच फाइल कंपाइल करून पाहिली, बदल दाखल केला आणि सगळ्या ऑफिसला रीतसर मेल टाकली: 'कुमुदिनीला बाहेर दिसण्याची गरज नव्हती. आता ती दिसणार नाही.' मग ती निवांत चहाला गेली.

परत येते तो राजवीर उभाच. "यार, पूरा बिल्ड टूट गया!"

दुसरी एक फाइल हेच व्हेरिएबल वापरत होती, त्यामुळे सगळ्या फाइली जोडून होणारा बिल्ड अडला होता. आता चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरांवर एकच ओरड होती, कुमुदिनी सापडत नाही. सगळ्यांचं काम ठप्प. राजवीरने हॉलभर आवाज दिला, "अरे भाई, किसी को कुमुदिनी मिली?"

"मिली," जिन्याकडून आवाज आला. "बोलो, क्या काम है?"

वरच्या मजल्यावरच्या डिस्प्ले टीमच्या प्रमुख, जगदाळे मॅडम. त्यांचं पहिलं नाव काय, हे विचारायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांच्या हातात सुनेत्राच्या मेलचा प्रिंट होता.

"हा ड्रायव्हर कुणाचा गं?"

"जगदाळे सरांचा, मॅडम. सत्त्याण्णव सालचा," सुनेत्रा कशीबशी म्हणाली. केबिनच्या दारात तिचे साहेब, गुलाबराव जगदाळे, येऊन उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता.

"आणि ही कुमुदिनी करते काय?"

सुनेत्राला खोटं बोलता येत नसे. "मोजते, मॅडम. काही कारण नसताना डिव्हाइस मध्येच तोंड घालून प्रोसेसरचं काम थांबवतं... तसं किती वेळा झालं ते."

गुलाबराव घाईने पुढे आले.

"अगं, नवीन लग्न झालं होतं," गुलाबराव म्हणाले. "प्रेमाने ठेवलं होतं नाव."

"अच्छा. आणि हा आकडा परत शून्यावर कधी येतो?"

"कधीच नाही, मॅडम," सुनेत्रा म्हणाली. "वाढतच जातो."

मॅडम तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "ती दुसऱ्या फाइलमधली ओळ इकडे आण. स्टॅटिक राहू दे, ते बरोबरच आहे." पंधरा मिनिटांत बिल्ड सुरळीत झाला. गुलाबरावांनी घाम पुसला. "सुनेत्रा, तुझं कन्फर्मेशन नक्की समज. पण यापुढे पूर्ण बिल्ड करून मगच दाखल करायचं. आणि ते नाव मी आजच बदलतो."

"अहो, कशाला? राहू दे," मॅडम हसून म्हणाल्या. गुलाबराव सुटका झाल्यासारखे केबिनमध्ये गेले.

मग मॅडम सुनेत्राच्या कानाशी वाकल्या. "माझ्या ड्रायव्हरमध्ये पण एक 'गुलाब' आहे. कितीदा विचारलं आणि उत्तरच आलं नाही, ते मोजतो."

सुनेत्रा चकित झाली. "पण मॅडम, तपासणीत तर तो कधीच आला नाही!"

"कसा येईल?" मॅडम उठत म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी स्टॅटिक लिहिलंय."